चारशे सतरा नंबरचं झबलं

पिंपरीच्या एका कारखान्याच्या गेटवर एका सुरक्षा अधिकाऱ्याने माझी भाकरी मोडून तपासली होती. भाकरी माझ्या आईने थापलेली होती आणि भाकरीच्या पापुद्र्यात कंपनीचा चोरलेला नकाशा असेल असा त्याला संशय होता. त्या माणसाला मी माफ केलेलं नाही. आता तो हयातही नसेल, तरी नाही. वय झालं की माणूस निवळतो म्हणतात. माझं वय झालं, मी काही निवळलो नाही.

ही गोष्ट पन्नासच्या दशकातली. मुंबई-पुणे रस्त्याच्या दोन्ही अंगांना तेव्हा ज्वारी डोलत असे आणि मध्येच एखाद्या कारखान्याची नवी कोरी भिंत उभी राहिलेली दिसे. आम्ही चिंचवड गावठाणातले. मी मॅट्रिक झालो आणि आमच्या घरातलं कोणीतरी पहिल्यांदाच सायकलवर टांग मारून कंपनीत जाऊ लागलं. कंपनी पंप बनवायची. मला ड्रॉइंग ऑफिसच्या रेकॉर्ड रूममध्ये घेतलं, कारण माझं अक्षर वळणदार होतं आणि मी कमी बोलतो असा मुलाखत घेणाऱ्यांचा समज झाला. तो समज किती चुकीचा होता हे पुढे सगळ्यांना कळलं.

ड्रॉइंग ऑफिसात नकाशा आधी कागदावर पेन्सिलीने काढला जाई. मग ट्रेसर मंडळी त्यावर निळसर, तुकतुकीत असं ट्रेसिंगचं कापड ताणून बसवत आणि काळ्या शाईने नकाशा गिरवून घेत. हे कापड म्हणजे मूळ प्रत. तिच्यावरून हव्या तितक्या प्रिंट काढायच्या आणि शॉपमध्ये पाठवायच्या. प्रिंट हरवली तर दुसरी निघे, कापड हरवलं तर मोठा गहजब. प्रत्येक कापडाच्या कोपऱ्यात नंबर घालायचा, ते सपाट खणात ठेवायचं, सही घेऊन द्यायचं, संध्याकाळी परत घ्यायचं, एवढं माझं काम. माझा चारचा आकडा जरा वेगळा यायचा, खाली शेपूट वळलेली. हेड ड्राफ्ट्समन त्यावरून माझी थट्टा करत, पण बदल म्हणाले नाहीत.

या कापडाची एक गंमत होती. मुळात ते उत्तम, बारीक सुताचं कापड, खळ देऊन कडक केलेलं. गरम पाण्यात दोनदा उकळून काढलं की खळ निघून जाई, शाई पुसट होई आणि हातात मलमलीसारखं मऊसूत कापड येई. आमच्याकडे तान्ह्या बाळाला पहिला महिना कोरं, नवं कापड घालत नाहीत. जुनेरच लागतं, टोचणार नाही असं. त्यामुळे नकाशा बदलला आणि जुन्या कापडावर ‘रद्द’चा शिक्का बसला की ते कोणाच्या तरी बाळंतपणाला जाई. ज्याच्या घरी पाळणा हलायचा असेल त्याने हेड ड्राफ्ट्समनच्या टेबलापाशी जाऊन नुसतं उभं राहायचं. ते मान वर न करता विचारत, “कितवा महिना?” आणि मला खूण करत. चिंचवड-पिंपरीतली कित्येक पोरं तेव्हा पंपाच्या झडपा आणि चाकं पाठीवर घेऊन रांगली असतील.

मग पुण्यातल्या एका वर्कशॉपने आमच्यासारखा पंप बाजारात आणला. आमच्यासारखा म्हणजे अगदी बोल्टच्या भोकांपर्यंत. वरच्या साहेब लोकांत एकच चर्चा सुरू झाली, कागद फुटला, कोणीतरी आतला माणूस नकाशे बाहेर नेतो आहे. आणि कंपनीने सुरक्षा अधिकारी नेमला.

हे गृहस्थ लष्करातून निवृत्त झालेले. खाकी अर्धी चड्डी, इतकी कडक इस्त्रीची की बसताना आवाज यावा. हातात वेताची छडी. दररोज पहिल्या पाळीला आणि सुटीला ते जातीने गेटवर उभे राहत आणि माणसांचा वास घेत. खरंच सांगतो. ताज्या प्रिंटला अमोनियाचा वास येतो, म्हणून ज्याच्या अंगाला अमोनियाचा वास त्याच्या अंगावर प्रिंट, असा त्यांचा शोध होता. प्रिंटच्या खोलीत काम करणारा माणूस अर्थातच रोज पकडला जाई. रोज त्याचा सदरा उतरवला जाई आणि रोज काही सापडत नसे. त्याची बायको म्हणे त्याला घरात घेण्याआधी मागच्या दारी आंघोळ घालायची, तरी तो वास ती सहन करत होती. साहेबांना तो सहन होत नव्हता.

नियम तर असे निघाले की विचारू नका. डबे उघडून दाखवायचे, टोप्या झटकायच्या. बाहेरच्या कारागिरांकडे गेलेला कंपनीचा कागद परत आला तर त्याची गेटवरच्या आवक रजिस्टरात नोंद करायची, तो कोणाच्या हातून आला ते लिहायचं, नोंद मोठ्याने वाचायची, आणि तिच्यावर सुरक्षा अधिकाऱ्याची सही होईपर्यंत गेट उघडायचं नाही, मग आत येणारे किती का खोळंबेनात. हा शेवटचा नियम लक्षात ठेवा. मी ठेवला होता.

आणि रद्द कापडं यापुढे कोणाला मिळणार नाहीत, जाळली जातील, असा हुकूम निघाला.

जाळायच्या दिवशी दुपारी साहेब स्वतः रेकॉर्ड रूममध्ये आले. मी गुंडाळ्या मोजून देत होतो. त्यांना मोजण्याचा कंटाळा आला. टेबलाच्या कडेला सहीसाठी काढून ठेवलेली एक गुंडाळी होती, तीही त्यांनी छडीने पुढे ढकलली. मी म्हणालो, “साहेब, तेवढी बघू द्या.” ते म्हणाले, “बघत बसलात म्हणूनच कागद फुटले.” गड्याने सगळं उचललं. अंगणात शेकोटी केली. आमच्यातला एक ट्रेसर, त्याच्या बायकोला नववा लागला होता, तो पुढे झाला आणि दोन्ही हात जोडून म्हणाला, “साहेब, एकच द्या. पहिलं पोर आहे.” साहेबांनी त्याच्याकडे बघत बघत एक कापड उचललं आणि त्याच्या डोळ्यांदेखत आगीत टाकलं. म्हणाले, “कंपनीचा नकाशा म्हणजे तुमच्या पोराचा लंगोट नव्हे.” खळीच्या कापडाला भसकन जाळ लागतो. तो ट्रेसर परत येऊन स्टुलावर बसला तो संध्याकाळपर्यंत एक रेघ ओढू शकला नाही.

पंधरवड्याने मी खणांची मोजदाद केली तेव्हा चारशे सतरा नंबरचं कापड नव्हतं. रद्द नव्हे, चालू नकाशा. पंपाच्या आतल्या चाकाचा, म्हणजे ज्याच्यासाठी कंपनीचा एवढा जीव खालीवर होत होता नेमका तोच. मला टेबलाच्या कडेची ती गुंडाळी आठवली. मी सरळ जाऊन साहेबांना सांगितलं की त्या दिवशी ती तुमच्याकडून आगीत गेली असावी. चोर असतो तर सांगायला गेलो असतो का? पण हा हिशेब त्यांच्या डोक्यात शिरला नाही. शिरलं ते एवढंच की हा कारकून चूक आपल्या अंगावर ढकलतो आहे.

त्या संध्याकाळी पाच वाजता, भोंगा झाल्यावर, त्यांनी मला रांगेतून बाजूला काढलं. सगळी पाळी सुटत होती. समोर निर्वासितांच्या कॅम्पातल्या पापड विकणाऱ्या बायका बसलेल्या. माझ्या गावठाणातले निम्मे लोक रांगेत. त्यांनी माझी टोपी उसवायला लावली. सदरा काढायला लावला, मग धोतर. मी लंगोटावर उभा राहिलो. डब्यात दुपारची एक भाकरी उरली होती. ती त्यांनी छडीच्या टोकाने टेबलावर काढली आणि गेटच्या हवालदाराला मोडायला सांगितली. हवालदार म्हातारा माणूस, त्याने हातात भाकरी घेतली आणि कपाळाला लावली, मग मोडली. आत भाकरीच होती. साहेब म्हणाले, “आज नाही सापडलं. इसका मतलब ये नहीं कि चोर नहीं है.” तुकडे तिथेच टेबलावर राहिले. मी धोतर नेसलो आणि सायकल हातात धरून घरी चालत गेलो.

दुसऱ्या दिवशी मला मोठ्या साहेबांपुढे, म्हणजे वर्क्स मॅनेजरपुढे उभं केलं. ते कमी बोलणारे, बऱ्यापैकी न्यायी गृहस्थ. त्यांनी ऐकून घेतलं आणि तीन महिन्यांची मुदत दिली. तेवढ्यात चारशे सतराचा पत्ता लागला नाही तर नोकरी जाणार, आणि दाखल्यावर कारण लिहिलं जाणार. ते कारण लिहिलेला दाखला घेऊन या रस्त्यावरच्या कुठल्याही कारखान्यात पाऊल ठेवता आलं नसतं. तोवर मला रेकॉर्ड रूममधून काढून गेटवर आवक रजिस्टर लिहायला बसवलं. ही सुरक्षा साहेबांची सूचना. चोर डोळ्यांसमोर असावा म्हणे. सकाळ-संध्याकाळ हजार माणूस माझ्या टेबलावरून जाई. पोरंटोरं आपसात मला ‘नकाशा’ म्हणू लागली. मी मान खाली घालून लिहीत राही आणि मनात त्या माणसाला उभा-आडवा चिरत राही. मला न्याय नको होता. मला तो त्याच गेटवर, त्याच रांगेसमोर, धोतर सुटल्यासारखा उभा राहिलेला बघायचा होता.

आता आईबद्दल सांगतो. माझी आई बाळंतिणींना तेल लावायची, शेक द्यायची आणि बाळांना न्हाऊ घालायची. पायांवर बाळ घेऊन बसली की रडणारं पोर गप्प होई. गावठाणात तर ती सगळ्यांची मावशी होतीच, पण पुढे कारखान्यांच्या बंगल्यांतूनही तिला बोलावणी येऊ लागली. आमची चूल बरीच वर्षं तिच्या हातावर चालली. आणि तिचा एक रिवाज होता: कोणत्या घरात काय पाहिलं ते ती बोलत नसे. न्हाणीघरात बाई बोलते, रडते, नवऱ्याबद्दल, सासूबद्दल, नको ते सांगते. आई ते सगळं गरम पाण्याबरोबर मोरीत सोडून घरी येई.

सुरक्षा साहेबांची मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. माझी झडती झाली त्यानंतर तीनेक आठवड्यांनी आईला त्यांच्या बंगल्यावरून बोलावणं आलं. मी तडकलो. म्हणालो, “त्या घरी पाय टाकायचा नाही.”

आई तेलाची वाटी पुसत होती. म्हणाली, “त्या बाळानं काय घोडं मारलंया तुजं?”

“त्याच्या आजानं तुझी भाकरी मोडली, आये!”

“मोडली तर मोडली. आजाला न्हाई न्हाऊ घालाया चालले मी.” आणि गेली.

रोज सकाळी ती त्या बंगल्यावर जाई आणि मी गेटवर त्या माणसाची छडी बघत बसे. घरी आल्यावर मी तिला खोदून विचारी. दारू पितो का? बायकोला मारतो का? घरी कोण येतं-जातं? मला काहीही चाललं असतं. ती एकच सांगे, “न्हाणीघरातलं न्हाणीघरात ऱ्हातं. उंबऱ्याभाईर न्हाई न्यायाचं.” मला तिचाही राग येई. मुदतीतले दोन महिने असे गेले.

बाळाला सव्वा महिना झाल्यावर तिकडचं काम संपलं. साहेबांच्या बायकोने, बाईसाहेबांनी, तिला लुगडं-चोळी आणि नारळ दिला. आईने आणखी एक गोष्ट मागून आणली, बाळाचं एक जुनं झबलं. गावठाणात एकीची दोन पोरं गेली होती, तिला तिसऱ्याचे दिवस भरत आले होते. अशा घरच्या बाळाला धडधाकट बाळाचं अंगावरचं झबलं घातलं की ते टिकतं, असं आमच्याकडे मानतात. आईने ते धुऊन दोरीवर वाळत घातलं होतं.

रविवार होता. मी अंगणात दाढी करत होतो. ऊन झबल्यातून आरपार येत होतं आणि त्यात वर्तुळं दिसत होती. एकात एक, पुसट, राखाडी. मी उठलो. फेस तसाच तोंडावर. झबलं उलटं केलं. खालच्या दुमडीत, जिथे शिवण घेतली होती, तिथे आकडे होते. पहिला चार होता आणि त्याची शेपूट वळलेली होती.

मी शिवण उसवली. चार, एक, सात. ‘रद्द’चा शिक्का कुठेच नव्हता.

“हे कापड कुठून आलं त्यांच्याकडे?” मी विचारलं.

आई म्हणाली, “सायबांनीच आणलं म्हनं कारखान्यातनं, दोन गुंडाळ्या. लेकीच्या बाळतपणाला. बाईसाहेब सांगत व्हत्या, जाळायला काढलं व्हतं, त्यातनं ठेवलं.”

म्हणजे ज्या दुपारी त्याने त्या ट्रेसरच्या डोळ्यांदेखत एक कापड आगीत टाकलं, त्याच दुपारी दोन गुंडाळ्या बाजूला काढून घरी नेल्या होत्या. घाईत त्यात माझी टेबलाच्या कडेची गुंडाळीही गेली. त्याला ते माहीत नव्हतं हे मला तेव्हाही समजत होतं. बाईसाहेबांनी ती उघडूनही न बघता उकळत्या पाण्यात टाकली असणार. पण मी त्या कापडासाठी लंगोटावर उभा राहिलो होतो, आणि कारखान्याचं ते गुपित त्याच्या नातवाच्या ढुंगणाखाली होतं. मी हसलो. पहिल्यांदा दोन महिन्यांत. आई घाबरली माझ्या हसण्याला.

मी तिला सगळं सांगितलं. ती ओट्यावर खाली बसली. मग म्हणाली, “तुजं नाव सुटंल यानं?”

“सुटेल.”

“मग घेऊन जा. मोठ्या सायबाच्या हातात दे, आडबाजूला. म्हनावं घावलं. पर कुटं घावलं, कुनी आनलं ते बोलू नगं. बाईसाहेबांनी इस्वासानं दिलंय मला. माझं नाव न्हाई काढायचं. व्हय का?”

मी “व्हय” म्हणालो. तिच्या डोळ्यांत बघून म्हणालो.

आणि ते जमलंही असतं. मोठे साहेब समजूतदार होते. दार लावून घेऊन मी त्यांना झबलं दाखवलं असतं, आकडा दाखवला असता, बाकीचं त्यांना अंदाजाने कळलं असतं. माझी नोकरी राहिली असती, नाव राहिलं असतं. हे सगळं मला रविवारीच कळत होतं. पण दार लावून काय उपयोग? माझं धोतर काय दार लावून सोडलं होतं? मला ती रांग हवी होती. मला ते टेबल हवं होतं, ज्यावर माझी भाकरी पडली होती.

सोमवारी सकाळी पहिल्या पाळीची माणसं गेटबाहेर जमली. साहेब छडी घेऊन आपल्या जागी उभे. मी पिशवीतून झबलं काढलं, टेबलावर नीट पसरलं, बाह्या दोन्हीकडे केल्या, आणि रजिस्टर उघडलं. हवालदार गेट उघडायला निघाला तसा मी म्हणालो, “थांबा हवालदार, आवक आहे. सही व्हायची आहे.”

साहेब आले. म्हणाले, “काय आवक?”

“कंपनीचा नकाशा, साहेब. बाहेरून परत आला आहे. नियमाप्रमाणे वाचून दाखवतो.”

मी उभा राहिलो आणि वाचलं. माझा आवाज चांगला खणखणीत आहे. “ट्रेसिंग नंबर चारशे सतरा, चालू नकाशा. सध्याचं रूप, तान्ह्या बाळाचं झबलं. मिळण्याचं ठिकाण, सुरक्षा अधिकारी साहेबांचा बंगला. कोणाच्या हातून आला: बंगल्यावर बाळाला न्हाऊ घालणाऱ्या बाईच्या हातून.”

तो रकाना मी मोकळा ठेवू शकलो असतो. ‘सापडला’ एवढं लिहून भागलं असतं. पण पुराव्यात फट राहू नये, याला पळवाट मिळू नये, म्हणून मी आईला त्या रकान्यात घातलं. नियम त्याचाच होता ना. त्याच्याच नियमाने त्याला फासावर द्यायचा होता.

रांगेतल्या पुढच्या दोघांनी झबलं बघितलं, मागच्यांना सांगितलं, आणि हसणं असं मागे मागे सरकत गेलं की पार रस्त्यापर्यंत पोचलं. तो ट्रेसर रांगेत होता. तो हसला नाही. तो पुढे आला, झबल्यावरून एकदा हात फिरवला आणि म्हणाला, “माझ्या पोरीला पुरलं असतं हे.” साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्यांनी झबल्याकडे बघितलं, आकड्याकडे बघितलं, आणि मला दिसलं की त्यांना एका क्षणात सगळं कळलं. मी पेन पुढे केलं. “सही, साहेब. गेट बंद आहे.”

तेवढ्यात मोठ्या साहेबांची गाडी आली आणि बंद गेटापाशी थांबली. ते उतरले. काय चाललंय विचारलं. मी पुन्हा वाचलं, तितक्याच मोठ्याने, एक शब्दही न गाळता. मोठ्या साहेबांनी झबलं उचलून उजेडात धरलं. मग सुरक्षा अधिकाऱ्यांकडे न बघता म्हणाले, “सही करा. माणसं खोळंबली आहेत.”

त्याने सही केली. पेन धरता येईना म्हणून छडी काखेत मारायला गेला आणि ती खाली पडली. ती कोणीही उचलून दिली नाही. आज इतकी वर्षं झाली, पण कधी रात्री नीट झोप आली नाही, अंग दुखत असलं, की मी ती छडी सिमेंटवर पडल्याचा आवाज आठवतो. बरं वाटतं. खोटं कशाला बोलू.

पंधरा दिवसांत त्याने राजीनामा दिला. मी रेकॉर्ड रूममध्ये परत गेलो. मोठ्या साहेबांनी सगळ्यांदेखत माझी माफी मागितली. नकाशा नव्याने गिरवला गेला, झबलं पाकिटात घालून फायलीला लागलं, आणि ज्या बाळासाठी ते आणलं होतं ते दुसऱ्याच कोणाच्या जुनेरावर वाढलं, चांगलं दांडगं झालं. पुढे कळलं की नकाशा कधी फुटलाच नव्हता. पुण्यातल्या त्या वर्कशॉपवाल्याने बाजारातून आमचा पंप विकत घेतला होता, खोलला होता आणि मापं घेतली होती. एवढ्यासाठी आम्ही सगळे दोन वर्षं टोप्या झटकत होतो.

सुरक्षा साहेबांचं बिऱ्हाड हललं त्या दिवशी आई निरोप द्यायला गेली होती. मला नंतर शेजारणीकडून कळलं. मुलगी बाळाला घेऊन टांग्यात बसली होती. आईने बाळाच्या पायाला लावायला हात पुढे केला तशी बाईसाहेबांनी बाळाचं दुपटं ओढून घेतलं आणि म्हणाल्या, “मावशी, तुम्हाला आम्ही न्हाणीघरात घेतलं होतं.” इतकंच. आई परत आली, तिने चूल पेटवली, मला जेवायला वाढलं.

त्यानंतर तिला बंगल्यांवरून बोलावणं आलं नाही. मग गावठाणातूनही कमी झालं. कोणी भांडलं नाही, कोणी तोंडावर काही म्हटलं नाही. गेटवरची नोंद हजार माणसांनी ऐकली होती आणि हजार माणसांनी घरी जाऊन हसत हसत सांगितली होती. त्यांच्या बायका हसल्या नाहीत. त्यांनी फक्त त्या रकान्यातली बाई लक्षात ठेवली. आईची तेलाची वाटी फळीवर पालथी पडून राहिली. माझा पगार होता, पोटाला कमी नव्हतं. तिला मात्र सकाळी कुठे जायचं ते कळेना. ती पहाटे उठून पाणी तापवी आणि मग चुलीपुढे नुसती बसे.

मी तिला एकदा म्हणालो, “आये, त्याला तसं सोडायचं होतं का मी?” ती म्हणाली, “न्हाई. सोडू नगंच.” मी पुढे वाढवलं नाही, कारण मला त्या सोमवारचा पश्चात्ताप होत नव्हता. आजही सोमवारचा होत नाही. रविवारच्या ‘व्हय’चा होतो.

दोन वर्षांनी माझं लग्न झालं आणि त्यानंतर मुलगी झाली. सासुरवाडी लांब म्हणून बाळंतपण आमच्याच घरी केलं. मला वाटलं, आता आई पुन्हा न्हाणीघरात बसेल, वाटी सुलटी होईल. पाचव्या दिवशी मी पाणी तापवून ठेवलं, बाळ आणून तिच्यापुढे धरलं आणि म्हणालो, “आये, घे हिला पायांवर.”

तिने बाळाच्या कपाळाला बोट लावलं, नीट न्याहाळलं. मग हात मागे घेतले.

“दुसरी बाई बघ,” ती म्हणाली. “तुज्या बायकोनं मला न्हाणीघरात काय सांगितलं, माज्या हाताला काय घावलं, तर तू मला इचारशील. अन् मी सांगितलं, तर तू ते गेटावर वाचशील.”

मी दुसरी बाई बघितली.